नोममध्ये नसलेली डॉक्टर: ‘द फोर्थ काइंड’चा प्रकरण अभ्यास

चित्रपट सुरू होताच मिला योवोविच कॅमेऱ्याकडे चालत येते आणि स्वतःचं खरं नाव सांगते. आपण अभिनेत्री आहोत, डॉ. ॲबिगेल टायलर यांची भूमिका करणार आहोत, आणि पुढे जे दिसेल त्याला मूळ चित्रीकरणाचा आधार आहे, असं ती बजावते. काही दृश्यं फार अस्वस्थ करतील, असा इशाराही देते. कथा अजून सुरू व्हायची असते, म्हणून हे बोलणं कथेचा भाग वाटत नाही. न्यायालयात साक्षीदाराने शपथ घ्यावी तसं ते येतं. पण डॉ. ॲबिगेल टायलर नावाची मानसशास्त्रज्ञ नोममध्ये कधी नव्हती, आणि ते ‘मूळ चित्रीकरण’ही याच चित्रपटासाठी तयार केलेलं होतं.

‘द फोर्थ काइंड’ ६ नोव्हेंबर २००९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. लेखन-दिग्दर्शन ओलातुंडे ओसुनसान्मी यांचं, वितरण युनिव्हर्सल पिक्चर्सचं. कथा ऑक्टोबर २००० मध्ये अलास्कातल्या नोम या गावात घडते. ॲबिगेलचा नवरा वारलेला आहे. तो झोपेत असताना कुणीतरी त्याचा खून केला, असं ती ठामपणे मानते. झोपेच्या तक्रारी घेऊन तिच्याकडे येणारे रुग्ण एकमेकांना ओळखत नाहीत, तरी सगळे एकच सांगतात: रात्री जाग येते आणि खिडकीबाहेरून एक पांढरं घुबड टक लावून बघत असतं. ती त्यांना संमोहित करते आणि घुबडाच्या जागी दुसरंच काहीतरी वर येतं. पुढे एक रुग्ण कुटुंबाला मारून स्वतःला संपवतो, आणि शेवटी ॲबिगेलची लहान मुलगीही नाहीशी होते. मुलीला परग्रहवासीयांनी नेलं असं आई म्हणते. पोलिसांचा संशय आईवरच असतो.

फाउंड फूटेज भयपटांमध्ये, म्हणजे कुठेतरी सापडलेलं खरं चित्रीकरण असल्यासारख्या मांडलेल्या भयपटांमध्ये, आणि त्यातही परग्रहवासीयांनी केलेल्या अपहरणाच्या चित्रपटांमध्ये, मला हे प्रकरण सगळ्यात जास्त अभ्यासण्यासारखं वाटतं. कारागिरीच्या बाजूने यात खरोखर नवं काहीतरी आहे. आणि याच चित्रपटाने अशी एक मर्यादा ओलांडली, जी या प्रकारातल्या बहुतेक चित्रपटांनी कळत-नकळत पाळली होती. या दोन गोष्टी एकमेकांपासून सुट्या करता येतात का, हा माझ्यासमोरचा प्रश्न आहे.

नोम

नोम हे खरं गाव आहे. अलास्काच्या पश्चिम टोकाला, स्युअर्ड द्वीपकल्पावर, बेरिंग समुद्राच्या काठी. २०१० च्या जनगणनेत लोकवस्ती साडेतीन हजारांच्या थोडी वर होती. १८९८-९९ च्या सुमाराला इथे सोनं सापडलं आणि गाव वसलं. आज बाहेरच्या जगाला ते इडिटारोड या कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या शर्यतीचा शेवटचा टप्पा म्हणून माहीत आहे. अलास्कातलं सर्वांत मोठं शहर अँकरेज, पण तिथून नोमला जाणारा रस्ता नाही. आजूबाजूच्या खेड्यांमधल्या इनुपियाक आणि युपिक या मूलनिवासी लोकांसाठी मात्र हेच मोठं गाव. दवाखाना, खरेदी, कचेरीची कामं, विमान पकडणं, सगळ्यासाठी नोमलाच यावं लागतं.

या येण्याजाण्यात माणसं गेली. १९६० च्या दशकापासून २००४ पर्यंतच्या काळात नोममध्ये बेपत्ता झालेल्या किंवा संशयास्पद रीतीने मरण पावलेल्या लोकांची यादी वाढत गेली. त्यातले बहुतेक जण खेड्यांमधून आलेले मूलनिवासी होते. नातेवाइकांना वाटत होतं की यामागे कुणीतरी खुनी असावा, आणि मेलेला माणूस मूलनिवासी असला की तपास नीट होत नाही. या शंकेला आधार होता. २००३ मध्ये नोममध्ये १९ वर्षांच्या एका मूलनिवासी तरुणीचा खून झाला आणि त्यासाठी नोम पोलिस दलातल्याच एका अधिकाऱ्याला २००५ मध्ये दोषी ठरवण्यात आलं. गावाचं रक्षण करायला नेमलेला माणूसच खुनी निघाला, त्या गावात आधीच्या मृत्यूंच्या फायली पुन्हा उघडा ही मागणी कुणी भीतीपोटी केलेली नव्हती. ती हक्काची मागणी होती.

एफबीआयने सुमारे दोन डझन प्रकरणं तपासली. निष्कर्ष निघाला की एकामागोमाग खून करणारा कुणी असल्याची चिन्हं नाहीत. अतिमद्यपान आणि जीवघेणी थंडी ही मुख्य कारणं आहेत. नऊ जणांचे मृतदेह मिळालेच नव्हते. म्हणजे ज्या घरांतली ती माणसं, तिथे शेवटचं उत्तर कधी पोचलंच नाही.

चित्रपटाने आपल्या जाहिरातीत या इतिहासाचं काय केलं बघा. नोममध्ये १९६० च्या दशकापासून प्रमाणाबाहेर माणसं बेपत्ता होतात आणि एफबीआयने अनेकदा तपास करूनही सत्य कधी सापडलं नाही, असं कथासार पसरवण्यात आलं. तपास झाला होता. निष्कर्षही जाहीर होता, आणि तोही चित्रपट येण्याच्या काही वर्षं आधी. तो कुणाला पटला किंवा नाही पटला, हा वेगळा विषय. पण तो गाळला, म्हणूनच रिकामी जागा तयार झाली, आणि त्या जागेत परग्रहवासी बसवता आले.

पडद्यावरच्या नोमचं खऱ्या नोमशी नातं जवळपास नाहीच. खरं नोम टुंड्राच्या उघड्या प्रदेशात आहे, तिथे झाडं फारशी उगवतच नाहीत. चित्रपटात धुक्याने वेढलेले, दाट झाडीचे उंच डोंगर दिसतात, कारण चित्रीकरण बल्गेरियात आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या स्क्वामिश भागात झालं. विल पॅटनने केलेली शेरीफची, म्हणजे स्थानिक पोलिसप्रमुखाची, भूमिका तर अलास्कात शक्यच नाही. तिथे शेरीफ हे पदच नाही. गावात गावाचे पोलिस आणि बाहेर राज्याचे ट्रूपर्स. या चुका एरवी मी सोडून दिल्या असत्या. चित्रपटात गावं बदलली जातातच. पण ‘प्रत्येक दृश्याला पुराव्याचा आधार आहे’ असं म्हणणाऱ्या चित्रपटाला नोममध्ये झाडं असतात की नाही हे बघावंसं वाटलं नाही. आणि सगळ्यात जड गोष्ट म्हणजे, ज्या लोकांची माणसं खरोखर गेली ते या कथेत जवळपास नाहीतच. डॉक्टर, रुग्ण, शेरीफ, सगळे बाहेरून आणून बसवल्यासारखे. हरवलेल्यांची संख्या घेतली, चेहरे मात्र बदलले.

दोन ॲबिगेल

आता कारागिरीकडे येतो, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण यावर लोक फार घाईने बोलतात.

फाउंड फूटेजची नेहमीची रीत अशी: अनोळखी चेहरे घ्यायचे, दिग्दर्शक आहे हे जाणवू द्यायचं नाही, संगीत टाळायचं, कॅमेरा एखाद्या पात्राच्या हातात द्यायचा. कुणीतरी हे रचलंय याच्या सगळ्या खुणा पुसायच्या. ओसुनसान्मींनी बरोबर उलटं केलं. त्यांनी जगभर ओळखीचा चेहरा समोर ठेवला, झगझगीत प्रकाशयोजना, सफाईदार कॅमेरा, पार्श्वसंगीत सगळं ठेवलं, आणि त्याच्या शेजारी दुसरी एक ॲबिगेल बसवली. पांढरीफटक, खोल गेलेल्या डोळ्यांची, तुटक बोलणारी. ती चॅपमन विद्यापीठाच्या नावाखाली झालेल्या एका मुलाखतीत दिसते आणि तिची मुलाखत घेतो स्वतः दिग्दर्शक.

मग पडदा दुभंगतो. एका बाजूला योवोविच, दुसऱ्या बाजूला ती दुसरी बाई. दोघी तेच वाक्य बोलतात, पण किंचित मागेपुढे. योवोविचचा हुंदका जिथे नेमका येतो तिथे दुसरीचा आवाज नुसताच फाटतो. आपलं मन लगेच तुलना करतं: ही नटी आहे, हिचं रडणं बेतलेलं आहे, मग ती दुसरी खरी असणार. एकदा डाव्या चौकटीला ‘अभिनय’ म्हटलं की उजव्या चौकटीला काय म्हणायचं हे कुणी सांगावं लागत नाही. प्रसिद्ध नटीचा अभिनय इथे दुसरीच्या खरेपणाचा जामीन राहतो. ती दुसरी बाई म्हणजे शार्लट मिलचर्ड ही अभिनेत्री. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातलं सगळ्यात कठीण काम तिचं आहे. अभिनय दिसूच नये असा अभिनय तिला करायचा होता, आणि तोही शेजारच्या चौकटीत दुसरी अभिनेत्री तेच वाक्य सुबकपणे म्हणत असताना. तिने तो केला.

ही युक्ती खरोखर प्रभावी आहे. नेहमीच्या फाउंड फूटेजमध्ये प्रेक्षक पहिली दहा मिनिटं संशयाने बघतो: हा कॅमेरा अजून चालूच का, ही माणसं पळून का जात नाहीत. इथे त्या संशयाला खर्च व्हायला एक जागा दिली आहे. सगळा अविश्वास योवोविचच्या चौकटीवर खर्ची पडतो आणि शेजारची चौकट त्यातून सुटते.

टॉमी या रुग्णाच्या घराबाहेरचं दृश्य याचा उत्तम नमुना. संमोहनानंतर घाबरलेला टॉमी घरी जाऊन बायको-मुलांवर बंदूक रोखतो. अर्ध्या पडद्यावर पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं गढूळ चित्र, अर्ध्यावर नटांनी उभं केलेलं तेच नाट्य. गोळ्या सुटतात तेव्हा डोळा आपोआप गढूळ बाजूकडे वळतो, जिथे नीट दिसत काहीच नाही. सगळ्यात भयंकर क्षण सगळ्यात कमी दिसणाऱ्या चौकटीत ठेवायचा, हे दिग्दर्शकाला पक्कं ठाऊक आहे.

तीच समज ध्वनीच्या बाबतीत. रात्री झोपण्याआधी ॲबिगेल नोंदी बोलून ठेवते, यंत्र चालूच राहतं, आणि नंतर ती फीत ऐकताना आधी तिचा थकलेला आवाज, मग खरखर, मग तिचीच किंकाळी आणि त्यात मिसळलेला दुसरा एक आवाज ऐकू येतो. पडद्यावर काही घडत नाही. माणसं फक्त ऐकत बसलेली दिसतात. परग्रहवासीयांच्या कित्येक चित्रपटांत प्राणी दिसला की भीती ओसरते. इथे तो कधीच नीट दिसत नाही. संमोहित माणसाचं अंग वर उचललं जातं, जबडा नको तितका ताणला जातो, आणि नेमक्या त्या वेळी चित्र आडव्या रेघांनी फाटतं. हे फाटणं सोयीचं आहे यात शंका नाही. पण ते कथेत बसतं, कारण या कथेत जे येतं ते आपली नोंद राहू देत नाही. नोंद ठेवण्याचं साधनच हल्ल्याखाली आहे ही कल्पना मला त्यातली सर्वात मोलाची वाटते.

या सगळ्यातल्या कुठल्या गोष्टीला नोमची गरज होती? एकाही नाही. दुभंगलेला पडदा, ध्वनिफीत, घुबड, गढूळ चित्र, सगळं कल्पित नावाच्या गावात तितकंच चाललं असतं.

संमोहनाबद्दल

चित्रपटाचा दुसरा दावा कमी चर्चिला जातो आणि तो तितकाच काळजीचा आहे. इथे संमोहन म्हणजे मनाच्या कपाटाचं कुलूप उघडणं. घुबड हे झाकण आहे, ते काढलं की खाली खरी आठवण आहे, असं गृहीत धरलंय.

अपहरणाच्या कथांमध्ये संमोहन शिरलं ते प्रामुख्याने बेटी आणि बार्नी हिल या न्यू हॅम्पशरमधल्या जोडप्यामुळे. सप्टेंबर १९६१ मध्ये रात्रीच्या प्रवासात त्यांना आकाशात काहीतरी दिसलं. नंतर बेटीला त्याबद्दल स्वप्नं पडू लागली. १९६४ मध्ये बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहनाखाली बोलतं केलं. अपहरणाची सविस्तर कहाणी त्या सत्रांमध्ये आली. ती जगभर गाजली. पण सत्रं घेणाऱ्या सायमन यांना ते अपहरण खरं घडलं असं वाटलं नव्हतं. बेटीची स्वप्नं दोघांच्या कथनात उतरली, असं त्यांचं मत होतं. कहाणी पसरली, डॉक्टरांचं मत मागे राहिलं. १९८५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीनेही सांगितलं की संमोहनाखाली आलेल्या आठवणींमध्ये कल्पित तपशील मिसळू शकतात आणि त्या साध्या आठवणींपेक्षा अधिक भरवशाच्या ठरत नाहीत. अडचण अशी की संमोहनाने माणसाची खात्री वाढते. चूक तीच राहते, फक्त ती आता छातीठोकपणे सांगितली जाते.

मी या माणसांना खोटारडे म्हणत नाही. हार्वर्डमधल्या रिचर्ड मॅकनॅली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपहरण झाल्याचं सांगणाऱ्या लोकांना त्यांच्याच अनुभवाचं कथन ऐकवलं, तेव्हा त्यांच्या शरीराच्या प्रतिक्रिया खऱ्या आघातातून गेलेल्या माणसांसारख्याच तीव्र आल्या. अशा अनेकांच्या अनुभवामागे निद्रापक्षाघात असतो: मन जागं, शरीर अजून झोपेतलं, हलता येत नाही, खोलीत कुणीतरी उभं असल्याची खात्री. भीती खरी, कारण दुसरं. चित्रपटाच्या पहिल्या भागातले रुग्ण नेमके असेच बोलतात, आणि त्या दृश्यांमध्ये चित्रपट सगळ्यात प्रामाणिक आहे. त्यानंतर तो कारणही ठरवून टाकतो.

बनावट कागद

प्रदर्शनाच्या आधीच इंटरनेटवर ॲबिगेल टायलरचे माग सापडू लागले. तिच्या नावाने वैद्यकीय नियतकालिकासारखं दिसणारं संकेतस्थळ होतं. अलास्कातल्या खऱ्या वृत्तपत्रांच्या नावाने बातम्या होत्या. ‘फेअरबँक्स डेली न्यूज-मायनर’ आणि ‘नोम नगेट’ ही त्यातली दोन नावं. मृत्युलेखही होते. चित्रपट बघून आलेला, मनात शंका असलेला माणूस घरी जाऊन शोध घेईल हे हेरून त्याच्या वाटेवर हे कागद ठेवले होते.

‘अँकरेज डेली न्यूज’ने या मागाचा मागोवा घेतला. राज्याच्या परवाना नोंदींमध्ये अशा नावाची मानसशास्त्रज्ञ नव्हती. अलास्कातल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेलाही ती ठाऊक नव्हती. ते नियतकालिकाचं संकेतस्थळही चित्रपट येण्याच्या जेमतेम काही महिने आधीचं निघालं. नोमच्या तत्कालीन महापौर डेनिस मिशेल्स यांना लोकांना सांगावं लागलं की हा विज्ञानकल्पनेचा थरारपट आहे, तसाच बघा. त्या भागातल्या मूलनिवासींसाठी काम करणाऱ्या कावेरॅक या संस्थेकडूनही नाराजी आली: ज्यांची माणसं खरंच गेली त्यांच्या बाबतीत हा असंवेदनशीलपणा आहे.

नोव्हेंबर २००९ मध्येच युनिव्हर्सलने अलास्कातल्या वृत्तपत्रांशी तडजोड केली. बनावट बातम्या काढून टाकायच्या, अलास्का प्रेस क्लब या पत्रकारांच्या संघटनेला २०,००० डॉलर द्यायचे आणि कॅलिस्टा शिष्यवृत्ती निधीला २,५०० डॉलर. चित्रपटाने जगभरात सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर मिळवले. म्हणजे मिळालेल्या दर हजार डॉलरमागे पन्नास सेंटसुद्धा गेले नाहीत. शिवाय कॅलिस्टा ही युकॉन-कुस्कोक्विम प्रदेशातली मूलनिवासी संस्था. नोम त्या प्रदेशात येतच नाही. शिष्यवृत्तीचा पैसा चांगल्याच कामाला लागला असेल. पण ज्या गावाचं नाव वापरलं त्या गावाच्या वाट्याला तोही आला नाही.

इतरांनी काय केलं

‘सगळेच फाउंड फूटेजवाले खोटं बोलतात, मग याच चित्रपटावर राग का?’ हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं.

१९८९ मध्ये डीन अलिओटो यांनी साडेसहा हजार डॉलरमध्ये ‘यूएफओ ॲबडक्शन’ केला. आज तो ‘द मॅकफर्सन टेप’ या नावाने जास्त ओळखला जातो. १९८३ मधला एका लहान मुलीचा वाढदिवस, घरचे लोक, हातातला कॅमेरा, बाहेर काहीतरी उतरलेलं. वितरकाच्या गोदामाला आग लागली आणि मूळ प्रत जळाली. काही प्रती आधीच बाहेर गेल्या होत्या. श्रेयनामावली गाळलेल्या प्रती उडत्या तबकड्यांच्या अभ्यासकांमध्ये हातोहात फिरल्या आणि कित्येकांनी तो खरा पुरावा मानला. अलिओटोंनी मात्र दूरचित्रवाणीवर येऊन सांगितलं की हा माझा चित्रपट आहे. यातलं कुटुंब कल्पित होतं. फसगत झाली, पण त्या फसगतीत कुणाचं मेलेलं माणूस वापरलं गेलं नव्हतं.

१९९९ चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ जाहिरातीत याहून पुढे गेला. नट बेपत्ता असल्याचं पसरवलं, संकेतस्थळावर पोलिस तपासाचे कागद ठेवले. त्याची झळ लागलीच: मुख्य अभिनेत्रीच्या आईला सांत्वनाची पत्रं आली, आणि बर्किट्सव्हिल या खऱ्या गावाला चाहत्यांच्या गर्दीने त्रास दिला. ते प्रकरण मी निष्पाप मानत नाही. तरी त्यातली चेटकीण कल्पित होती, मृत्यू कल्पित होते.

२०१७ चा ‘फिनिक्स फरगॉटन’ सर्वांत जवळचा नमुना, कारण त्यानेही खरी घटना घेतली. १३ मार्च १९९७ च्या रात्री ॲरिझोनावर दिसलेले दिवे हजारो लोकांनी पाहिले होते. चित्रपटाने ते दिवे घेतले, आणि त्या दिव्यांच्या मागे जाऊन हरवलेली तीन मुलं मात्र स्वतः रचली. खऱ्या घटनेचं कुतूहल घेतलं, दुःख घेतलं नाही. चित्रपट म्हणून तो ‘द फोर्थ काइंड’पेक्षा दुबळा आहे, त्यात एकही क्षण त्या ध्वनिफितीइतका लक्षात राहत नाही. पण तो बघून कुठल्या घरात कुणाला उठून जावंसं वाटलं नसेल.

म्हणून माझा आक्षेप खोटं बोलण्यावर नाही. हा प्रकारच त्यावर उभा आहे आणि प्रेक्षक मनापासून त्यात सामील होतो. मीही होतो, आनंदाने. प्रेक्षक शहाणा असतो, त्याला कळतं, हेही मान्य. पण नोमच्या बाबतीत प्रेक्षकाच्या फसवणुकीहून मोठी गोष्ट घडली. ज्यांनी तिकीट काढलं नाही, ज्यांनी कुठल्याही खेळाला होकार दिला नाही, त्यांच्या मेलेल्या माणसांची संख्या पुरावा म्हणून मांडली गेली. एफबीआयच्या फायलीतला थंडीत गारठून गेलेला माणूस आता जगभरच्या चर्चांमध्ये ‘कदाचित नेलेला’ झाला. पोलिसांवर अविश्वास असलेल्या समाजाने नीट तपास व्हावा म्हणून जो आवाज उठवला होता, तो भलत्याच कथेच्या कामी आला. बेपत्ता मूलनिवासींचा प्रश्न आधीच कुणी गांभीर्याने घेत नव्हतं, त्यावर हसण्याचं आणखी एक निमित्त तयार झालं.

तडजोड वृत्तपत्रांशी का झाली आणि कुटुंबांशी का नाही, याचं कारणही याच रचनेत आहे. वृत्तपत्राचं नाव वापरलं की वृत्तपत्राला दाद मागता येते. त्याच्याकडे नाव आहे, वकील आहे, संघटना आहे. चित्रपटात नोमच्या खऱ्या मृतांपैकी एकाचंही नाव नाही. त्यामुळे ‘हा माझा भाऊ आहे’ असं म्हणून कुणाला उभं राहता येत नाही. एक नाव घेतलं असतं तर कायद्याने एखादा दरवाजा उघडला असता. सगळ्यांना मिळून एक आकडा केलं, आणि तो दरवाजा राहिलाच नाही. बनावट बातम्या इंटरनेटवरून काढल्या गेल्या; चित्रपट मात्र जसाच्या तसा राहिला. आजही योवोविच सुरुवातीला तेच निवेदन करते, आणि नोम हे नाव पडद्यावर तसंच येतं.